लॉगसेकमधून ऑब्सिडियनकडे : भाषांतराच्या टेबलावरच्या जोडलेल्या नोंदी

मी बेळगावात कन्नडमधून मराठीत आणि मराठीतून कन्नडमध्ये कागदपत्रांची भाषांतरं करते. उतारे, खरेदीपत्रं, वाटणीपत्रं, कोर्टाच्या नोटिसा, बँकेच्या कर्जाचे कागद, कधी एखाद्या संस्थेचं जुनं इतिवृत्त. दोन्ही भाषा येणं हा या कामाचा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा म्हणजे आधी केलेलं वेळेवर सापडणं. हा शब्द मागच्या खेपेला कसा लावला होता, या गावाचं नाव जुन्या कागदात कसं येतं, या सर्व्हे नंबरची फोड कधी झाली, कोणत्या कचेरीत कोणता नमुना चालतो. हे सापडलं नाही तर एका पानाच्या कामाला अख्खी दुपार जाते आणि पैसे एका पानाचेच मिळतात.

त्यामुळं नोंदी एकमेकींना जोडून ठेवणारं ॲप हा माझ्यासाठी हौसेचा विषय नाही, रोजच्या कामाचा आहे. गेल्या काही वर्षांत मी रजिस्टरातून क्लाउडवरच्या एका ॲपमध्ये, तिथून लॉगसेकमध्ये आणि शेवटी ऑब्सिडियनमध्ये आले. या विषयावर व्हिडिओ आणि लेख ढिगानं आहेत, पण मला सापडलेले जवळजवळ सगळे इंग्रजीत नोंदी ठेवणाऱ्यांसाठी होते. मराठी शब्दाला विभक्ती लागली की दुव्याचं काय होतं, देवनागरी नावाची फाइल मोबाइलवर का जात नाही, याचा त्यांत कुठं पत्ता नसतो. ते सगळं इथं सविस्तर लिहिते.

आधी आमच्या भागातल्या कागदांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ॲपकडून मला काय हवं होतं ते या कागदांनीच ठरवलं. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. माझ्याकडं येणारे त्याआधीचे कागद बरेचसे मराठीत, त्यातले फार जुने मोडीत, नंतरचे कन्नडमध्ये. चंदगड तालुका तेव्हा बेळगाव जिल्ह्यात होता, आता कोल्हापूर जिल्ह्यात आहे. म्हणजे 1950 च्या खरेदीपत्रात ‘तालुका चंदगड, जिल्हा बेळगाव’ असं येतं आणि ते बरोबरच असतं. निपाणी आधी चिकोडी तालुक्यात होती, आता तिचा स्वतंत्र तालुका आहे. कारवारकडच्या कागदांत सुपे तालुका भेटतो. सुपे गाव काळी नदीवरच्या धरणात गेलं आणि तालुक्याचं ठिकाण जोयड्याला आलं. त्यात 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी. एकाच गावाचं नाव मराठीत एक, कन्नड लिपीत एक, इंग्रजीत जुनं एक, नवं एक, आणि तालुका-जिल्हा काळाप्रमाणं वेगळा. शिवाय मापं. कर्नाटकाच्या उताऱ्यावर, म्हणजे पहाणीवर, क्षेत्र एकर-गुंठे-आण्यांत असतं: 16 आण्यांचा गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. हद्दीपलीकडं सात-बारावर हेक्टर आणि आर. दोन्हीकडं जमीन असलेली घरं इथं पुष्कळ, आणि त्यांच्या वाटणीपत्रात दोन्ही मापं एकाखाली एक येतात.

रजिस्टरं होती तेव्हा गावांचं एक, शब्दांचं एक, गिऱ्हाइकांचं एक अशी वाटणी होती. ‘पौती खाते’ हा शब्द, म्हणजे खातेदार वारल्यावर वारसांच्या नावे खातं करणं, शब्दांच्या रजिस्टरात. ज्या गावच्या कागदात तो पहिल्यांदा अडला ते गाव दुसऱ्या रजिस्टरात. आणि त्या दोन्हींचा संबंध फक्त माझ्या डोक्यात. मग एक्सेल केलं. एक्सेलमध्ये शब्दांची यादी छान बसते, पण शब्दामागची हकीकत बसत नाही. अमुक वकिलांनी हरकत घेतली म्हणून अमुक शब्द बदलला, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

जोडलेल्या नोंदींची युक्ती तशी साधी आहे. लिहिता लिहिता एखादा शब्द दुहेरी चौकटी कंसात टाकला, जसं [[पौती खाते]], की त्या नावाचं पान तयार होतं. त्या पानावर गेलं की आणखी कुठं कुठं त्याचा उल्लेख झालाय ते खाली आपोआप दिसतं. या उलट्या यादीला बॅकलिंक म्हणतात आणि माझ्या लेखी सगळं मोल तिचं आहे. आज हे पान उघडलं की नंदगडचा कागद, हल्याळचा कागद, प्रत्येक वेळी वापरलेला मराठी शब्द आणि त्यावरची हरकत हे सगळं एका जागी येतं. ते गोळा करायला मला वेगळं काही करावं लागलेलं नाही.

ही पद्धत अलीकडं गाजवली ती रोम रिसर्च या ॲपनं, 2020 च्या सुमाराला. त्याची वर्गणी महिन्याला 15 डॉलर; पानागणिक पैसे घेणाऱ्या माणसाला ती जड, म्हणून तो विचार मी आधीच सोडला. प्रत्येक व्हिडिओत जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लूमन यांच्या चिठ्ठ्यांच्या पेट्याही येतात: जवळजवळ 90,000 चिठ्ठ्या, प्रत्येकीला क्रमांक, एका चिठ्ठीवर दुसरीचा क्रमांक. त्यातून मी एकच गोष्ट घेतली. नोंद कुठल्या कप्प्यात ठेवायची यापेक्षा ती कशाला जोडायची हे आधी ठरवायचं. बाकी त्यांचं काम विचार वाढवण्याचं होतं, माझं संदर्भ सापडण्याचं आहे. या दोन्हींची गल्लत झाली की माणूस दिवसभर पेट्याच लावत बसतो, असं मी काही जणांच्या बाबतीत पाहिलं आहे.

माझं पहिलं ॲप क्लाउडवरचं होतं. दिसायला देखणं, तक्ते सुरेख, मोबाइलवर तेच पान. शहरात कधी काही अडलं नाही. अडलं ते खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं. एका घरच्या वाटणीचे कागद बघायला गेले होते. ओसरीवर चटई टाकून गाठोडं सोडलेलं, घरातले वयस्क काका एकेक कागद उलगडून हातात देत होते, आणि मला हवं असलेलं सर्व्हे नंबरचं पान मोबाइलवर उघडता उघडत नव्हतं. काका म्हणाले, “अक्का, हितं फोन लागत न्हाई. लागायचा तर देवळाच्या चढावर जावा.” चढावर गेले, पान उघडलं, त्याचा फोटो काढला आणि परत येऊन त्या फोटोवरून काम केलं. त्या दिवसापासून माझी पहिली अट ठरली: नोंदी माझ्याच लॅपटॉपवर आणि मोबाइलवर असल्या पाहिजेत आणि इंटरनेटशिवाय उघडल्या पाहिजेत.

दुसरी अट लोकांच्या विश्वासाची. माझ्याकडं भावाभावांतल्या भांडणांचे कागद येतात, कुणाच्या कर्जाचे येतात. ते लोक मला ओळखतात म्हणून देतात. कुठल्या देशातल्या कुठल्या यंत्रावर त्यांची माहिती आहे हे मला सांगता येत नसेल तर ती तिथं नसावी, असं मला मनापासून वाटतं.

तिसरी अट बाहेर पडण्याची, आणि ती बहुतेक लोक बघतच नाहीत. त्या क्लाउडच्या ॲपमधून नोंदी बाहेर काढल्या तेव्हा मजकूर आला, पण प्रत्येक फाइलच्या नावामागं आकड्या-अक्षरांची लांब शेपटी लागलेली. दुवे त्या शेपटीसकट नावांना बांधलेले, त्यामुळं दुसऱ्या ॲपला ते समजेनात. नोंदी माझ्या, पण त्यांच्यामधली नाती तिथंच राहिली. कंपन्यांचे नियमही बदलत असतात. एव्हरनोट या नोंदींच्या ॲपनं डिसेंबर 2023 मध्ये फुकटच्या योजनेला 50 नोंदी आणि एक वही अशी मर्यादा घातली. तो त्यांचा हक्कच आहे. आपण मात्र ॲप निवडतानाच विचारून घ्यावं की उद्या निघायचं झालं तर दुवे बरोबर येतील का.

या तीन अटींवर लॉगसेक उतरलं. मुक्त स्रोत, फुकट, आणि नोंदी आपल्याच संगणकावर साध्या मार्कडाउन फाइलींत, म्हणजे थोड्या खुणा घातलेल्या नुसत्या मजकुराच्या फाइलींत. उघडलं की समोर थेट आजच्या तारखेचं पान. कुठं लिहायचं हा प्रश्नच नाही. सकाळी कोण आलं, कुठल्या गावचा कागद, कोणता शब्द अडला, सगळं तारखेखाली ओळीओळीनं लिहायचं आणि गाव-शब्द-माणूस कंसात टाकायचे. महिन्याभरात गावांची पानं आपोआप भरू लागली. नवीन माणसाला सवय लावायला याहून चांगलं ॲप मला माहीत नाही, आणि हे मी ते सोडल्यावरही म्हणते.

त्यात एक गोष्ट आमच्या कामाला फारच सोयीची निघाली. सर्व्हे नंबर आणि हिस्सा आपण 112/2अ असा तिरकी रेघ देऊन लिहितो. लॉगसेकमध्ये पानाच्या नावातली तिरकी रेघ म्हणजे पोटपान. त्यामुळं [[112/2अ]] लिहिलं की 112 च्या खाली 2अ आपोआप येतं, आणि 112 चं पान उघडलं की त्याचे सगळे हिस्से दिसतात. जमिनीची फोड जशी झाली तशीच पानांची.

आता मुख्य अडचण. इंग्रजी नाव वाक्यात जसंच्या तसं येतं. आपण ‘खानापूर’ लिहितो तसंच ‘खानापुरात’ लिहितो, आणि तिथं ‘पू’चा ‘पु’ झालेला असतो. तालुका असतो, पण काम ‘तालुक्यात’ असतं. किल्ला असतो, पण वाट ‘किल्ल्यावरून’ जाते. दुव्याच्या कंसात पानाचं नाव अचूक असावं लागतं, म्हणजे [[खानापुरात]] लिहिलं की ॲप त्या नावाचं नवंच रिकामं पान काढतं. कंसाबाहेर प्रत्यय जोडावा म्हटलं तर ‘ला’, ‘चा’ हे चालतात: [[बेळगाव]]ला. पण ‘बेळगावात’ लिहायला गेलं की कंस बंद झाल्यावर काना एकटा पडतो आणि लिहिताना ठिपक्यांच्या वर्तुळासकट दिसतो. सुरुवातीला मी वाक्यंच अशी फिरवत होते की नाव प्रथमेत यावं. ‘गाव: [[खानापूर]].’ पण त्यानं नोंदी तुटक होतात, आणि महिन्यांनी वाचताना काय म्हणायचं होतं तेच लागत नाही.

याचा तोडगा शाळेतल्या व्याकरणात सापडला. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचं जे सामान्यरूप होतं, ते पानाला अलायस म्हणून द्यायचं. अलायस म्हणजे त्याच पानाचं दुसरं नाव; लॉगसेक आणि ऑब्सिडियन दोन्हींत ही सोय आहे. खानापूरच्या पानाला ‘खानापुरा’ हे अलायस. ऑब्सिडियनमध्ये दोन कंस उघडून ‘खानापुरा’ टाइप करायला लागलं की ते सुचवतं, निवडलं की [[खानापूर|खानापुरा]] असं तयार होतं, आणि त्याला चिकटून ‘त’, ‘तून’, ‘हून’ काहीही लिहिता येतं. वाचताना अखंड ‘खानापुरात’ दिसतं, दुवा मात्र खानापूरच्या पानाला. तालुक्याला ‘तालुक्या’, किल्ल्याला ‘किल्ल्या’, उताऱ्याला ‘उताऱ्या’. गावाच्या पानाला सामान्यरूपाच्या बरोबर कन्नड लिपीतलं नाव, इंग्रजीतलं जुनं आणि नवं, आणि जुन्या कागदातलं लेखन अशी सगळी अलायस दिली. निप्पाणी, निपाणी, चिक्कोडी, चिकोडी, सगळे आपापल्या एकाच पानावर येऊ लागले. मला वाटतं, मराठीत जोडलेल्या नोंदी ठेवणाऱ्यानं ही एक सवय लावून घेतली तर बाकीचं पुढं मागं जमतं.

एवढं चांगलं चाललेलं असताना लॉगसेक का सोडलं, असं माझ्या भाच्यानंही विचारलं. कारणं दोन. लॉगसेकमध्ये प्रत्येक ओळ ठिपक्यापुढं येते. दिवसाच्या टिपणाला ते उत्तम, पण माझ्या शब्दपानांवर आता लांब परिच्छेद येऊ लागले होते: मूळ कन्नड वाक्य, त्याची मराठी, पर्याय, चर्चा. ते सलग लिहायला हवं होतं. दुसरं म्हणजे लॉगसेकवाल्यांनी डेटाबेसवर आधारलेली नवी आवृत्ती बांधायला घेतली. त्यामागं त्यांची कारणं आहेत आणि कित्येकांना तीच हवी असेल. मला मात्र कुठल्याही संगणकावर, साध्या नोटपॅडमध्येसुद्धा उघडेल अशी फाइल हवी आहे.

ऑब्सिडियन शिडा ली आणि एरिका शू या दोघांनी 2020 मध्ये आणलं. ते मुक्त स्रोत नाही आणि ही गोष्ट मला अजूनही खटकते. पण फाइली पूर्णपणे आपल्या फोल्डरमध्ये, साध्या मार्कडाउनमध्ये राहतात. ॲप उद्या बंद पडलं तरी नोंदींना धक्का नाही. आधी दोन किंवा जास्त माणसांच्या कंपनीला कामासाठी परवाना विकत घ्यावा लागायचा. फेब्रुवारी 2025 पासून तीही सक्ती गेली.

दोन्हींच्या फाइली मार्कडाउनच, त्यामुळं लॉगसेकच्या फोल्डरची नक्कल काढून ती ऑब्सिडियननं उघडली की सगळी पानं समोर येतात, बरेचसे दुवे चालतात, आणि बदल झाला असं वाटतं. पण खाचाखोचा पुढं आहेत.

पहिली खाच तारखांची. लॉगसेक दिवसाच्या पानाची फाइल 2024_11_01 अशा नावानं ठेवतं, पण मजकुरातला दुवा मात्र इंग्रजी महिन्याचं छोटं नाव, तारीख आणि वर्ष असा लिहितं. लॉगसेकला दोन्ही एकच आहेत हे माहीत असतं, ऑब्सिडियनला नसतं. त्यामुळं तारखेचा प्रत्येक दुवा रिकाम्या पानाकडं जातो.

दुसरी तिरक्या रेघेची. फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, म्हणून लॉगसेक तिच्या जागी तीन अधोरेषा घालतं. माझे सगळे हिस्से 112___2अ असे होऊन बसले. ऑब्सिडियनमध्ये मी ते 112-2अ असे केले आणि 112/2अ हे अलायस दिलं. अर्थात 112 हा सर्व्हे नंबर गावोगाव असतो, म्हणून पुढं गावाचं नावही जोडलं: येळ्ळूर 112-2अ. पोटपानांची ती आपोआप होणारी मांडणी मात्र गेली. तिची उणीव मला अजून भासते.

तिसरी खाच सगळ्यांत खोल. लॉगसेकमध्ये पानालाच नव्हे तर एखाद्या ओळीलाही दुवा देता येतो. तो देताना त्या ओळीला एक ओळखक्रमांक चिकटतो, बत्तीस अक्षरं-आकडे आणि मधे चार जोडरेघा, आणि दुसरीकडं तो क्रमांक दुहेरी गोल कंसात बसतो. लॉगसेकमध्ये त्या जागी मूळ ओळच दिसते. ऑब्सिडियनमध्ये दिसतो नुसता क्रमांक. मी अशा दुव्यांचा सढळ वापर केला होता, विशेषतः वकिलांच्या हरकतींसाठी: हरकत एकदा लिहायची आणि लागेल त्या प्रत्येक शब्दपानावर ती ओळ आणायची. आता त्या सगळ्या पानांवर नुसते क्रमांक पसरले होते.

हे भाच्यानं सोडवलं. तो इथंच इंजिनिअरिंग शिकतो. रविवारी आला, टेबलाशी बसला आणि आधी दोन्ही ॲपची लिहिण्याची पद्धत माझ्याकडून समजून घेतली. ऑब्सिडियनमध्येही ओळीला दुवा देता येतो: ओळीच्या शेवटी टोपीसारखं ^ चिन्ह आणि पुढं क्रमांक लिहायचा, आणि दुसरीकडं पानाचं नाव, मग #^ आणि तोच क्रमांक. त्या क्रमांकात अक्षरं, आकडे आणि जोडरेघ चालतात, म्हणजे लॉगसेकचा क्रमांक जसाच्या तसा वापरता येतो. त्यानं पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्या फेरीत सगळ्या फाइली वाचून कुठला क्रमांक कुठल्या पानात आहे याची यादी केली आणि क्रमांक ओळीच्या शेवटी नेले. दुसऱ्या फेरीत गोल कंस शोधून त्या जागी ऑब्सिडियनच्या रीतीचे दुवे घातले, पुढं उद्गारचिन्ह देऊन, म्हणजे मूळ ओळ तिथं दिसते. त्यातच तारखांचे दुवेही सरळ करून टाकले. “मावशी, आधी नक्कल काढ, मग चालव,” असं तो दर वेळी म्हणायचा, आणि प्रत्येक चालवणीआधी मी नक्कल काढायची. ज्यांना प्रोग्राम लिहिणारं कुणी जवळ नाही त्यांनी लॉगसेकमध्ये ओळींचे दुवे बेतानंच वापरावेत, पानांचे दुवे हवे तेवढे वापरावेत. पानांचे दुवे दोन्हीकडं चालतात.

फाइली मोबाइलवर नेताना वेगळंच कोडं निघालं. लॅपटॉप आणि मोबाइल मी सिंकथिंग या प्रोग्रामनं जोडले आहेत. घरच्या वायफायवर दोन्ही यंत्रं एकमेकांशी बोलतात, मधे कुणाचा सर्व्हर फाइली ठेवून घेत नाही. सगळं गेलं, काही पानं मात्र जाईनात. सगळी लांब नावांची. विंडोजवर फाइलचं नाव 255 खुणांपर्यंत चालतं. अँड्रॉइडवर मर्यादा 255 बाइटची आहे, आणि देवनागरीतली एकेक खूण 3 बाइट घेते. म्हणजे जेमतेम 85 खुणा, त्यातही काना, मात्रा, वेलांटी प्रत्येक वेगळी मोजायची. ‘खानापूर’ डोळ्यांना चार अक्षरं, पण खुणा 7 आणि बाइट 21. ‘खानापूर तालुक्यातील वारसा नोंदीसाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी आणि तहसीलदार कचेरीत विचारले जाणारे प्रश्न’ हे नाव लॅपटॉपवर सुखानं राहतं आणि मोबाइलवर बसतच नाही. इंग्रजीत इतक्या लांबीचं नाव सहज चालतं, म्हणून हे कुठं लिहिलेलं सापडत नाही. आता पानाचं नाव ‘वारसा नोंद, खानापूर’ आणि बाकीचं पहिल्या ओळीत.

शोधाचीही एक गोष्ट सांगते, कारण तिनं मला फार छळलं. ‘शेतकऱ्यांचा’ शोधलं तर काही पानं येत, काही येत नसत, आणि न आलेल्या पानांत शब्द तर समोर दिसत असे. यातला ‘ऱ्या’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो: एक नुक्त्याच्या ऱ वापरून, दुसरा साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडखूण वापरून. दिसतात दोन्ही सारखे. ‘ॲ’चंही तसंच. एकसंध ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या संगणकावरच्या सामाईक संकेतात, 2008 साली आला. त्याआधी अ वर चंद्र ठेवून काम भागवत, आणि अजूनही पुष्कळ ठिकाणांहून येणारा मजकूर तसाच असतो. ॲप दोन्हींना वेगळे शब्द समजतं, त्याचा त्यात काही दोष नाही. भाच्याच्या प्रोग्राममध्ये मग आणखी दोन ओळी पडल्या आणि सगळ्या फोल्डरभर एकच तऱ्हा झाली. बाहेरून मजकूर चिकटवला की तो प्रोग्राम मी पुन्हा फिरवते. ह्रस्व-दीर्घासाठी मात्र ऑब्सिडियनच्या शोधातच सोय आहे: दोन तिरक्या रेघांमध्ये /खानाप[ूु]र/ असं लिहिलं की खानापूर आणि खानापुरात दोन्ही सापडतात.

डीटीपीवाल्यांकडून येणाऱ्या जुन्या फाइली श्रीलिपीत असतात, कन्नडच्या नुडीत; या युनिकोडबाहेरच्या जुन्या फॉन्टच्या पद्धती. त्या युनिकोडमध्ये फिरवल्याशिवाय कुठल्याही ॲपमध्ये घालण्यात अर्थ नाही. शोध लागत नाही आणि वाचताही येत नाही.

ऑब्सिडियनमधला ग्राफ, म्हणजे सगळ्या पानांचं ते ठिपक्या-रेघांचं जाळं, लोकांना फार आवडतं. मी तो क्वचितच उघडते. त्यापेक्षा प्रॉपर्टीजचा, म्हणजे पानाच्या माथ्यावर भरायच्या रकान्यांचा, उपयोग जास्त झाला. प्रत्येक गावाच्या पानावर 1956 पूर्वीचा तालुका, तेव्हाचा जिल्हा, आजचा तालुका, आजचा जिल्हा असे रकाने ठेवले. 2025 मध्ये बेसेस नावाची सोय आली, तिच्यात या रकान्यांचा तक्ता होतो. ‘तेव्हा बेळगाव, आज कोल्हापूर’ असं गाळलं की चंदगडकडची गावं एका यादीत येतात. नोंदीही राहिल्या आणि एक्सेलमधला तक्ताही परत मिळाला.

माझ्या ओळखीच्या एका निपाणीच्या वकिलांच्या कचेरीत मात्र मी ऑब्सिडियन सुचवलं नाही. तिथं चार माणसं एकाच तारखेच्या तक्त्यावर काम करतात, कचेरीत नेट बरं आहे, आणि त्यांना कोण काय बदलतंय ते त्याच क्षणी दिसायला हवं. त्यांना नोशनसारखं क्लाउडवरचं ॲपच योग्य. आणि ज्यांच्याकडं मी कन्नड कागदांतली जुनी वळणं शिकले ते सर अजून रजिस्टरच वापरतात. फोन करून शब्द विचारला की पान क्रमांकासकट सांगतात. त्यांच्या रजिस्टरांतले शब्द त्यांच्या परवानगीनं मी हळूहळू माझ्या पानांवर आणते आहे, प्रत्येक शब्दाखाली त्यांच्या रजिस्टराचा आणि पानाचा क्रमांक लिहून.

सध्या जोयडा तालुक्यातल्या गावांची पानं चालू आहेत. सुपे तालुक्याच्या नावाचे कागद हातात आले की त्यात आलेलं प्रत्येक गाव अलायसांसकट नोंदवते. धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावांची पानंही केली आहेत. त्यांच्या ‘आजचा तालुका’ या रकान्यात काय लिहावं याबद्दल सरांशी बोलणं चाललं आहे. ते म्हणतात रकाना मोकळा ठेव आणि उठून गेलेली माणसं कुठं वसली त्या गावांचे दुवे दे. तसंच करणार आहे.